आपल्या लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांनो, मुलांची ओळ भरण्याआधी नीट विचारा

नमस्कार,

हे पत्र अमेरिकेत आपल्या घरांचे टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांसाठी आहे. आपली घरं म्हणजे एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली, नुकतीच सिटिझन झालेली, मराठी आणि एकूणच देशी घरं. तुमच्यातले काही एडिसनला, फ्रीमाँटला, डॅलसच्या आसपास ऑफिस थाटून बसलेत, काही हैदराबाद-पुण्यातून फोनवर काम करतात, काही जण आपली नोकरी सांभाळून सीझनपुरतं ओळखीच्या घरांचं करतात. कुणा एकाचं नाव मला घ्यायचं नाहीये आणि तुमच्यात नीट काम करणारे खूप आहेत हेही मला माहितीये. पण चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे मुलांमागे टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीच्या, बाबतीत जे चाललंय ते बघून गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.

मी सीझनमध्ये व्हिटाला व्हॉलंटिअर म्हणून बसते. व्हिटा म्हणजे आयआरएसचा (इथल्या इन्कम टॅक्स खात्याचा) तो फुकट रिटर्न भरून देण्याचा कार्यक्रम. त्याला उत्पन्नाची मर्यादा असते त्यामुळे आयटीतली घरं तिथे फारशी येत नाहीत, पण महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे की मी ते काम करते, म्हणून गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी बाजूला घेऊन मोबाइलवर नोटिशीचा फोटो दाखवतंच. आणि नोटीस मुलांच्या क्रेडिटची असली की कहाणी जवळपास तीच असते. रिफंड आला, तो खर्च झाला, कुणी इंडियाची तिकिटं काढली, कुणी गाडीचं डाउन पेमेंट केलं, आणि मग बऱ्याच महिन्यांनी आयआरएसचं पत्र येतं की हे पैसे तुमचे नव्हते, परत करा आणि वर व्याज भरा. प्रिपेअररला, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्याला, फोन केला तर एक तर उचलत नाहीत, नाहीतर म्हणतात तुम्हीच तशी माहिती दिली होती. माहिती त्यांनी दिली हे खरं, पण तुम्ही विचारलं काय होतं? किड्स किती? बस एवढंच.

किड्स किती यावरून क्रेडिट ठरत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. २०२५च्या वर्षासाठी एका मुलामागे जास्तीत जास्त २,२०० डॉलर, त्यातले टॅक्स शून्य झाल्यावरही हातात मिळू शकणारे जास्तीत जास्त १,७००, नवराबायकोचं एकत्र रिटर्न असेल तर ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की दर हजारामागे ५० डॉलर कमी होत जाणार, बाकीच्यांना ही रेषा २ लाखांवर. हा भाग सॉफ्टवेअर करतं, तिथे सहसा चूक होत नाही. चूक होते ती मुलाच्या ओळीत. मूल कुणाचं, कुठे राहिलं, वय किती, नंबर कोणता आणि तो कधी मिळाला, हे सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगायचं काम तुमचं आहे.

सगळ्यात जास्त घोळ नंबरचा आहे म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर बोलते.

समजा एक घर आहे, मोठी मुलगी नाशिकला जन्मलेली, एच-४वर (एच-१बीवाल्याच्या बायकामुलांच्या व्हिसावर) आलेली, धाकटा न्यू जर्सीत जन्मलेला. दोघं एकाच खोलीत झोपतात, एकाच बसने शाळेत जातात. धाकट्याचे २,२०० डॉलर मिळतात आणि मोठीचे मिळत नाहीत, कारण तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटिन आहे, म्हणजे तो नंबर न मिळणाऱ्यांना आयआरएस फक्त टॅक्ससाठी देते तो नंबर. २०१८च्या आधी असं नव्हतं, तेव्हा आयटिनवालं मूलही चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये बसायचं, फक्त ते क्रेडिट तेव्हा १,००० डॉलरचं होतं. २०१७च्या शेवटी कायदा बदलला, क्रेडिट २,००० झालं आणि त्याच झटक्यात अट आली की मुलाकडे नोकरीसाठी चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. एच-४वरच्या मुलाला तो सहसा मिळत नाही. आयटिनवाल्या मुलाला उरतं ते दुसरं क्रेडिट, इतर अवलंबितांचं, ५०० डॉलरचं, आणि तेसुद्धा मूल टॅक्सच्या दृष्टीने इथलं रहिवासी असेल तरच.

हा नियम मला स्वतःला अन्यायाचा वाटतो. त्या मुलीचे आईबाप तेवढाच टॅक्स भरतात, तेवढाच सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापून घेतात, आणि ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की ती मुलगी रांगेतच मोठी होणार. हा राग बरोबर आहे. पण तो राग तुम्ही त्यांच्या रिटर्नवर काढू नका. मी असं ऐकलंय की काही जण घरच्यांना सांगतात, टाकून बघू, गेलं तर गेलं. आयटिनचा नंबर ९ने सुरू होतो, आयआरएसच्या कॉम्प्युटरला तो ओळखायला काही वेळ लागत नाही, आणि यासाठी त्यांना ऑडिटसुद्धा करावं लागत नाही. नंबर चुकीचा असणं त्यांच्या लेखी गणिताची चूक, सरळ क्रेडिट काढून टाकतात आणि पत्र पाठवतात. पटत नसेल तर कळवायला ६० दिवस असतात, आणि आपल्या घरांचं होतं काय तर पत्र जुन्या पत्त्यावर जातं कारण प्रोजेक्ट बदलला, राज्य बदललं, आणि ते ६० दिवस निघून जातात.

आता जिथे तुम्ही खरंच मदत करू शकता आणि करत नाही ती गोष्ट सांगते. घरचं आय-४८५ (ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्याचा अर्ज) फाइल झालं की मुलाचंही ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) काढता येतं, आणि ईएडी आलं की मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. २०२०च्या ऑक्टोबरात व्हिसा बुलेटिनमधल्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेच्या, तारखा पुढे सरकल्या तेव्हा इंडियाच्या कितीतरी घरांनी आय-४८५ टाकलं आणि मुलांना असे नंबर मिळाले. त्या सोशल सिक्युरिटी कार्डावर लिहिलेलं असतं की डीएचएसच्या (इमिग्रेशन बघणाऱ्या खात्याच्या) परवानगीनेच नोकरीसाठी वैध, आणि ती परवानगी चालू असेल तर तो नंबर क्रेडिटला चालतो. 'नोकरीसाठी वैध नाही' असं लिहिलेलं कार्ड चालत नाही. हा फरक बघायला कार्ड डोळ्यासमोर ठेवावं लागतं, फोनवर नऊ आकडे लिहून घेऊन तो कळत नाही, म्हणून कार्डाचा फोटो मागा, प्रत्येक वेळी मागा.

आणि तारीख. नंबर त्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत मिळालेला हवा, मुदतवाढ घेतली असेल तर वाढीव मुदतीच्या आत. म्हणजे मार्चमध्ये कुणी म्हणालं की मुलीचं ईएडी आलंय, सोशल सिक्युरिटीचा अर्ज टाकलाय, कार्ड यायचंय, तर घाईने १५ एप्रिलच्या आत आयटिनवर रिटर्न ढकलून मोकळं व्हायचं नाही. फॉर्म ४८६८ टाकून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्यायची, टॅक्स देणं निघत असेल तर तो मात्र एप्रिलमध्येच अंदाजाने भरायचा, आणि कार्ड आलं की रिटर्न करायचं. एका मुलामागे ५००च्या जागी २,२००, म्हणजे १,७०० डॉलरचा फरक पडतो, अगदी सरळ कायदेशीर मार्गाने, आणि त्यासाठी तुम्हाला एक छोटा फॉर्म भरावा लागतो. हे किती जण सांगतात?

याच्या उलट जे सांगितलं जातं ते असं की नंबर आला ना, चला मागची तीन वर्षं अमेंड करू, म्हणजे दुरुस्त रिटर्न टाकू, तिन्ही वर्षांचे पैसे काढून देतो, आमची फी प्रत्येक वर्षाची वेगळी. हे चालत नाही हो. मुदतीनंतर मिळालेला नंबर मागच्या वर्षाला लावता येत नाही, २०१५च्या पॅथ अ‍ॅक्टने ते दार बंद केलंय. तुम्ही फी घेता, ते घर महिनोन् महिने वाट बघतं, आणि शेवटी एक तर नकार येतो किंवा चुकून पैसे येतात आणि नंतर परत मागितले जातात. चुकून आलेले जास्त वाईट, कारण ते खर्च होतात.

इथे जन्मलेल्या बाळाचं सोपं आहे तरी त्यातही घाई दिसते. हॉस्पिटलमध्ये बर्थ सर्टिफिकेटच्या कागदांबरोबरच नंबरचा अर्ज होतो, कार्ड यायला थोडे आठवडे लागतात, तेवढं थांबा. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेलं बाळसुद्धा त्या वर्षाचं पूर्ण क्रेडिट देतं, त्याला अर्धं वर्ष घरात राहायची अट आड येत नाही कारण ते जेवढं जगलंय तेवढं त्याच घरातलं धरतात. ही गोष्ट नव्या आईबापांना माहीत नसते आणि सांगितली की चेहरा उजळतो.

अर्ध्या वर्षाची अट मात्र आपल्या दुसऱ्या एका चालीवर नेमकी येऊन आदळते. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की आजीआजोबांकडे पुण्याला, सांगलीला, नागपूरला पाठवायचं, कारण इथे डेकेअरचा महिन्याचा खर्च भाड्याच्या जवळपास जातो आणि दोघांना नोकरी आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, घरोघरी झालंय. पण बाळ अमेरिकन सिटिझन आहे, नंबर आहे, म्हणून क्रेडिट आहे असं होत नाही. मूल त्या वर्षात अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहिलेलं हवं. सुट्टी, शाळा, आजारपण यासाठी तात्पुरतं बाहेर असणं घरात असल्यासारखंच धरतात हे खरं आहे, आणि बरेच प्रिपेअरर इथे तोच शब्द पुढे करतात, टेम्पररी अ‍ॅब्सेन्स, झालं. अहो, उन्हाळ्यात दोन महिने आजीकडे गेलेलं मूल तात्पुरतं बाहेर असतं. पण जे फेब्रुवारीत गेलं आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आलं, ज्याचे डोस तिकडच्या डॉक्टरकडे झाले, जे तिकडच्या प्लेग्रुपमध्ये जात होतं, त्याचं तात्पुरतेपण उद्या कोण सिद्ध करणार? आयआरएस विचारते तेव्हा शाळेचं, डेकेअरचं, डॉक्टरचं पत्र मागते ज्यावर मुलाचं नाव, पत्ता आणि तारखा असतील. तुमचं म्हणणं नाही मागत. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं सगळं सांगतात.

अशा मुलाचे २,२०० नाही मिळाले तरी मूल सिटिझन आहे आणि खर्च आईबापच करतात म्हणून ५०० डॉलरचं क्रेडिट बसू शकतं. ते घ्या ना. कमी आहे, पण त्यांच्याकडेच राहणार आहे.

वयाचं लवकर सांगते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मूल १७ पूर्ण झालेलं नसावं. १८ नाही, १७. ज्याचा सतरावा वाढदिवस ३० डिसेंबरला आहे ते त्या पूर्ण वर्षासाठी बाहेर. हायस्कूलला असलं तरी बाहेर. गेल्या वर्षीचं रिटर्न कॉपी करून पुढे नेलं की नाव तसंच राहतं, पण तुम्ही आधी जन्मतारीख चुकीची टाकलेली असेल तर सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. जन्मतारखा महिना-दिवस उलटसुलट टाकल्या जातात हे आपल्या लोकांत होतंच, इंडियातला बर्थ सर्टिफिकेट दिवस आधी लिहितो आणि इथला फॉर्म महिना आधी मागतो.

घटस्फोटाचं आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजात बोललं जातं आणि त्यामुळे टॅक्सचंही बोललं जात नाही. आई एका प्रिपेअररकडे, बाप दुसऱ्याकडे, दोघांनी तोच मुलगा लावला. मग दोघांनाही पत्रं, आणि दोघांपैकी एकाला परत द्यावे लागतात. मूल वर्षात ज्याच्या घरी जास्त रात्री राहिलं त्याचा हक्क. दुसऱ्याला द्यायचा असेल तर पहिल्याने फॉर्म ८३३२ सही करून द्यायचा. कोर्टाच्या निकालपत्रात काहीही लिहिलेलं असो, एकमेकांना मेसेजवर काहीही कबूल केलेलं असो, २००८नंतरच्या निकालांना तो फॉर्म किंवा त्याच आशयाचा स्वतंत्र कागद लागतोच. आणि फॉर्म दिला तरी हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचं सवलतीचं फाइलिंग स्टेटस) सोबत जात नाही, ते ज्याच्याकडे मूल राहतं त्याचंच. एक प्रश्न विचारा फक्त: मुलाचे आईवडील एकत्र राहतात का? अवघड वाटतो, तरी विचारा.

आता २०२१चं. हे जुनं झालं असं वाटेल पण आजही लोक त्याच्या नोटिशी काढून दाखवतात. त्या वर्षी क्रेडिट वाढवलं होतं, सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि सतरापर्यंतच्यांना ३,०००, आणि त्यातलं अर्धं जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात आलं, कुणी अर्ज न करता, आदल्या रिटर्नवरून अंदाज करून. आयआरएसने पुढच्या जानेवारीत पत्र ६४१९ पाठवलं, किती आगाऊ दिले त्याचं. यातली गोम अशी होती की एकत्र रिटर्नवाल्या नवराबायकोला दोन वेगळी पत्रं आली, प्रत्येकात अर्धी रक्कम. कित्येक ठिकाणी नवऱ्याचं पत्र प्रिपेअररला मिळालं, बायकोचं ड्रॉवरमध्ये राहिलं, अर्धीच रक्कम दाखवली, आणि आधीच मिळालेलं क्रेडिट पुन्हा मागितलं गेलं. रिफंड अडकला किंवा जास्तीचे परत करावे लागले. कमी उत्पन्नाच्या घरांना जादा आलेलं परत न करण्याची सूट होती, पण एकत्र रिटर्नमध्ये उत्पन्न ६०,०००च्या वर गेलं की ती घटत जायची आणि १,२०,०००वर संपायची, त्यामुळे आपल्या आयटीतल्या बहुतेक घरांना तिचा उपयोगच नव्हता. दोन पत्रं आली होती का, हा एक प्रश्न त्या वर्षी विचारला असता तर किती मनस्ताप वाचला असता.

थोडं विषयाला सोडून, पण त्याच ओळीत लिहिलं जातं म्हणून सांगते. इंडियात राहणाऱ्या आईवडिलांना अवलंबित म्हणून टाकून ५०० डॉलर घेणं बंद करा. पैसे पाठवतो म्हणून ते अवलंबित होत नाहीत, अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी लागते, किंवा कॅनडा-मेक्सिकोची रहिवासी, आणि पुणे त्यात येत नाही.

आता तुमच्या जबाबदारीचं बोलू. फी घेऊन हे क्रेडिट लावणाऱ्या प्रत्येक प्रिपेअररला फॉर्म ८८६७ भरावा लागतो. तो फॉर्म म्हणजे तुम्ही सांगताय की मी माणसाशी बोललो, प्रश्न विचारले, उत्तरं लिहून ठेवली, ज्या कागदांवर भरवसा ठेवला त्यांच्या प्रती ठेवल्या, आणि उत्तर विसंगत वाटलं तिथे पुन्हा विचारलं. तीन वर्षं ते जपून ठेवायचं. हे न करता खुणा केल्या तर दंड तुम्हाला आहे, २०२५ मध्ये फाइल केलेल्या रिटर्नसाठी एका चुकीचे ६३५ डॉलर, आणि त्याच रिटर्नवर हेड ऑफ हाउसहोल्ड किंवा कॉलेजचं क्रेडिटही असंच लावलं असेल तर प्रत्येकाचे वेगळे. मला कितीतरी घरं अशी भेटलीत ज्यांना असा फॉर्म असतो हेच माहीत नव्हतं, आणि त्यांच्या रिटर्नच्या पीडीएफमध्ये तो सगळ्या 'हो'च्या खुणांसकट लावलेला होता. त्यांना एक प्रश्न विचारला गेला नव्हता. ही खोटी साक्ष आहे आणि ती त्या घराच्या नावाने, त्यांच्या मुलांच्या नावाने दिलेली आहे.

सही करा. पीटिन (फी घेऊन रिटर्न भरणाऱ्यांना आयआरएस देते तो नंबर) घ्या आणि रिटर्नवर लिहा. पैसे घेऊन रिटर्न तयार करायचं आणि 'स्वतः भरलं' असं दाखवून पाठवायचं हे जे काही जण करतात, त्यात ते घर पूर्ण एकटं पडतं. रिफंडच्या टक्केवारीत फी घेऊ नका, आयआरएस लोकांना अशा प्रिपेअररपासून लांब राहा म्हणून दरवर्षी सांगते आणि का सांगते ते उघड आहे, टक्केवारी असली की आकडा वाढवावासा वाटतोच. आणि रिटर्न इंडियातल्या ऑफिसात तयार होत असेल तर माहिती बाहेर पाठवायला त्या माणसाची लेखी संमती लागते, ती ई-मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लपवू नका, मोकळेपणाने सांगून घ्या. बहुतेक लोक हो म्हणतील, त्यांचे भाऊबहीणही तिकडेच काम करतात.

परत देणं म्हणजे नुसती मुद्दल देणं नसतं हे तुम्ही घरच्यांना सांगत नाही ही माझी मोठी तक्रार आहे. व्याज मूळ मुदतीच्या तारखेपासून लागतं, रोज चक्रवाढ. वरती २० टक्के दंड लागू शकतो. आणि त्याहून मोठं म्हणजे बंदी. नियमांकडे बेफिकिरीने किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं असं ठरलं तर दोन वर्षं, फसवणूक ठरली तर दहा वर्षं हे क्रेडिट मागताच येत नाही. ही बंदी त्या एका मुलापुरती नसते, माणसावर असते. म्हणजे नाशिकच्या मुलीसाठी बेफिकिरीने मागितलेल्या पैशांमुळे न्यू जर्सीत जन्मलेल्या धाकट्याचे हक्काचे २,२०० डॉलरही त्या वर्षांत जातात. बंदी नसली तरी एकदा नाकारलं गेलं की पुढच्या वेळी क्रेडिट मागताना फॉर्म ८८६२ जोडून आम्ही खरंच पात्र आहोत हे दाखवावं लागतं, अपवाद फक्त गणिताच्या किंवा लिहिण्याच्या चुकीचा. ज्या घराची ग्रीन कार्डाची फाइल आत आहे, ज्यांना सिटिझनशिपच्या अर्जात टॅक्सबद्दल उत्तरं द्यायची आहेत, त्यांची आयआरएसचं पत्र बघून काय अवस्था होते ते तुम्ही बघितलेलं नसतं, कारण तोपर्यंत तुमचा सीझन संपलेला असतो. झोप उडते. नवराबायकोत भांडणं होतात, तू कुणाकडे दिलंस रिटर्न म्हणून.

रिटर्नवर शेवटी सही त्यांची असते आणि आयआरएस त्यांनाच धरते हा कायदा आहे. पण आपल्या लोकांनी तुमच्यावर टाकलेला विश्वास त्या सहीपेक्षा मोठा आहे. नवीन आलेला माणूस डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) पहिल्यांदा बघतो, त्याला स्टेट आणि फेडरलमधला फरक कळत नाही, कुणीतरी मराठीत बोलणारा भेटला की तो सगळे कागद देऊन टाकतो, मुलांचे पासपोर्टसुद्धा. त्याला काय माहीत विचारायचं? त्याच्या वतीने तुम्हाला विचारावं लागणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या सीझनच्या आधी तुमचा तो एक पानी फॉर्म बदला. जिथे फक्त 'डिपेंडंट्स' असा रकाना आहे तिथे प्रत्येक मुलासाठी हे लिहून घ्या: जन्मतारीख महिन्याचं नाव अक्षरात लिहून, जन्म कुठे, स्टेटस काय, नंबर एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) की आयटिन, एसएसएन असेल तर कार्डाचा फोटो आणि ते कधी मिळालं, वर्षात मूल कुठे कुठे किती महिने राहिलं, आणि दुसरं कुणी या मुलाला आपल्या रिटर्नवर लावणार आहे का. मराठीत लिहून द्या, ज्यांना इंग्रजी येतं त्यांनाही टॅक्सचं इंग्रजी कळतंच असं नाही. उत्तर 'नक्की माहीत नाही' आलं तर रिटर्न थांबवा आणि फोन करा. आणि रिफंडचा आकडा सांगण्याआधी हे सांगा की तुमच्या कुठल्या मुलाचं कुठलं क्रेडिट लावलंय आणि का.

महाराष्ट्र मंडळांच्या कमिट्यांनाही याच पत्रात विनंती करते, कारण तुमच्या कार्यक्रमात स्टॉल आणि जाहिराती तुम्हीच देता. टॅक्सवाल्याला स्टेज देण्याआधी त्याचं पीटिन विचारा, तो रिटर्नवर सही करतो का विचारा, आणि जानेवारीत एक तास व्हिटाच्या किंवा चांगल्या सीपीएच्या (म्हणजे इथल्या सीएच्या) माणसाला बोलवून फक्त मुलांच्या क्रेडिटवर बोलायला लावा. मी यायला तयार आहे, माझ्यासारखे बाकीचे व्हॉलंटिअरही येतील.

आणि ज्यांची रिटर्नं आधीच अशी गेलीयेत, ज्यांच्या फाइली तुमच्याकडे आहेत आणि तुम्हाला आतून माहितीये की त्या मुलाची ओळ चुकलीये, त्यांना या महिन्यात फोन करा. १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, करून द्या, फी न घेता करून द्या. आयआरएसने त्या रिटर्नची तपासणी सुरू करायच्या आधी आपणहून दुरुस्ती पाठवली आणि फरक भरला तर तो २० टक्क्यांचा दंड साधारण टळतो, व्याज भरावं लागतं पण तेही त्या दिवशी थांबतं. पत्र आल्यानंतर ही सोय राहत नाही. तुमच्याकडे नंबर आहेत, ई-मेल आहेत, जानेवारीत ज्या लिस्टवरून रिफंडचे मेसेज जातात तीच लिस्ट आहे. त्यावरून हे फोन करा.

आपली,
न्यू जर्सीतली एक व्हॉलंटिअर